वादळ आणि वाडीचें भांडवल

समुद्रकांठच्या बागाइतदारास वाऱ्याचें भय नवीन नाहीं. परंतु वादळाचा विचार आपल्या लोकांत दोनच वेळां होतो. तें येणार अशी बातमी आली म्हणजे दोन दिवस, आणि तें येऊन गेल्यावर मदतीचा पैसा हातीं पडेपर्यंत. पुढें तो विषय मागें पडतो तो दुसरें वादळ येईपर्यंत. वाडी हा एक धंदा आहे. त्यांत आजा-पणजापासूनचें भांडवल गुंतलेलें आहे. आणि त्या भांडवलाच्या रक्षणाचें बहुतेक काम वादळाच्या दिवशीं नव्हे, तर शांत वर्षांत करावयाचें आहे, ही गोष्ट कोकणांतील अलीकडच्या अनुभवाच्या आधारें सभासद बंधूंपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पीक आणि झाड

भाताचें पीक वादळांत गेलें तर घर एक वर्ष मागें येतें. पुढील मृगास पुन्हां पेरणी होते. वाडीचें तसें नाहीं. पोफळ लावल्यापासून सुपारी धरण्यास सहा-सात वर्षें लागतात. बाणवली माडास तितकाच किंवा थोडा अधिक काळ लागतो, आणि दोन्ही झाडें भर उत्पन्नास येण्यास त्याहून पुढें कांहीं वर्षें जातात. हापूसचें कलम लवकर फळ दाखवितें, पण बागाइतदार ज्यास खरें 'झाड' म्हणतो तें तयार होण्यास दहा-पंधरा वर्षें जावीं लागतात. म्हणून वादळानें एक पोफळ पाडली म्हणजे त्या सालची सुपारी गेली एवढेंच नव्हे. पुढील सहा-सात सालांची सुपारी गेली, आणि त्या काळांत शिंपणें, खत व राखण यांचा खर्च मात्र चालू राहिला, असा तो हिशेब आहे. व्यापाऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर भातवाल्याचा नफा बुडतो, वाडीवाल्याचें मुद्दल बुडतें.

ओडिशाच्या किनाऱ्यावर १९९९ सालच्या महावादळांत सुमारें दहा हजार माणसें मेलीं. त्याच प्रांतांत २०१३ सालीं 'फायलिन' हें मोठें वादळ आलें, तेव्हां लाखों लोकांस आधींच सुरक्षित जागीं हलविलें होतें; त्यामुळें मृत्यूंची संख्या शंभराच्याहि पुष्कळ आंत राहिली. इशाऱ्याचें शास्त्र व सरकारी व्यवस्था यांचें हें मोठें यश आहे. पण माणसें हलवितां येतात, गुरें हलवितां येतात. माड हलवितां येत नाहीं. ज्याची मिळकत जमिनींत रुजलेली आहे त्यानें आपली तजवीज निराळीच केली पाहिजे.

निसर्ग वादळाचा अनुभव

१ जून २०२० रोजीं अरबी समुद्रांत कमी दाबाचें क्षेत्र बळावलें, दुसऱ्या दिवशीं त्याचें चक्रीवादळ झालें, आणि ३ जून रोजीं दुपारीं साडेबारा ते अडीच या वेळांत तें अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढलें. त्या वेळीं वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर असून झोत १३० पर्यंत जात होते. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड व दापोली या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या वाड्या व आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनचा रोठा ज्या आगरांतून बाजारांत जात होता, तींच आगरें कांहीं तासांत उघडीं पडलीं. विजेचे खांब पडल्यामुळें कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे अंधारांत होतीं. पंप बंद, दूरध्वनि बंद, पैसे देणारीं यंत्रें बंद. त्यांतच साथीमुळें प्रवासास बंदी असल्यानें मुंबईकर चाकरमानी मदतीस येऊं शकला नाहीं व मजूरहि मिळेना.

पुढच्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, 'तौक्ते' वादळ कोकणच्या किनाऱ्यास समांतर वर सरकत गेलें व १७ मेच्या रात्रीं सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलें. तें कोकणांत जमिनीवर आलें नाहीं, तरी सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांत झाडावरचा शेवटचा आंबा त्यानें झोडपून खालीं पाडला. त्यापूर्वीं नोव्हेंबर २००९ मध्यें 'फयान', व त्याहि आधीं नोव्हेंबर १९४८ मध्यें मुंबईस झोडपणारें वादळ, हीं वृद्ध मंडळींच्या ऐकण्यांत असतील. अरबी समुद्रांतील वादळांचे हंगाम दोन: पावसाळ्याच्या तोंडावर मे-जून, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. या समुद्रांत वादळें बंगालच्या उपसागरापेक्षां कमी होतात हें खरें. पण गेल्या चार दशकांत त्यांची संख्या व मुदत वाढली असल्याचें पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांनीं दाखविलें आहे. २०१९ या एकाच वर्षीं अरबी समुद्रांत पांच चक्रीवादळें झालीं. 'आमच्याकडे असें होत नाहीं' या समजुतीवर यापुढें धंदा चालवितां येणार नाहीं.

वाऱ्याचें बळ कसें लागतें

वाऱ्याचा दाब वेगाच्या प्रमाणांत वाढत नाहीं, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो. ताशीं ६० किलोमीटर वेगाचा वारा एक चौरस मीटर सपाट पृष्ठावर सुमारें १७ किलो वजनाइतका रेटा देतो. १२० किलोमीटर वेगाचा वारा सुमारें ६८ किलोंचा. म्हणून नेहमींच्या पावसाळी वाऱ्यास चाळीस वर्षें टिकलेलें झाड चक्रीवादळांतहि टिकेल, हें अनुमान चुकीचें आहे.

दुसरी गोष्ट दिशेची. आपल्या गोलार्धांत वादळाचा वारा केंद्राभोंवतीं घड्याळाच्या कांट्याच्या उलट फिरतो. पश्चिम किनाऱ्यावर वादळ चढतें तेव्हां केंद्राच्या दक्षिणेस वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो व बरोबर भरतीचें पाणी आंत लोटतो. उत्तरेस तो जमिनीवरून समुद्राकडे जातो. जेथून केंद्रच जातें तेथें आधीं एका बाजूनें वारा, मग कांहीं वेळ शांतता, आणि नंतर उलट बाजूनें तितकाच वारा, असा क्रम असतो. पहिल्या वाऱ्यानें मुळें ढिलीं झालेलें झाड दुसऱ्या वाऱ्यानें पडतें. मधल्या शांततेंत 'वादळ गेलें' असें समजून वाडींत शिरणें जिवावर बेततें, हें घरांतील लहानथोरांस सांगून ठेवावें.

तिसरी गोष्ट झाडाच्या रचनेची. आंबा, फणस, काजू यांच्या सालीखालीं वाढणारा थर असतो. फांदी मोडली तरी खोडावर नवी फूट येते व जखम भरते. माड व पोफळ यांस तो थर नाहीं. शेंड्यांतील एकच कोंब हें त्यांचें सारें जीवन. तो मोडला कीं झाड संपलें. खोडास पडलेली जखमहि कधीं भरून येत नाहीं. हा भेद ध्यानांत ठेवल्यास वादळानंतर कोणतें झाड राखावें व कोणतें काढावें याचा निर्णय सोपा होतो.

शांत वर्षांतील कामें

पहिलें काम झाडांच्या वयाची वांटणी. कोकणांतील पुष्कळ वाड्या एका पिढीनें एका दमांत लावलेल्या असतात; सर्व माड एका वयाचे, एका उंचीचे. वादळ त्यांस एकदमच पाडतें. शंभर झाडांच्या वाडींत दरवर्षीं तीन-चार नवीं रोपें लावावींत व तितकींच थकलेलीं झाडें काढावींत. अशा वाडींत वादळानंतरहि कांहीं झाडें धरतीं, कांहीं धरण्याच्या बेतांत व कांहीं बाल्यांत अशीं उरतात, आणि घराचें उत्पन्न एकदम शून्यावर येत नाहीं.

दुसरें काम अंतराचें. माडांस साडेसात मीटर व पोफळींस सुमारें पावणेतीन मीटर अंतर कृषिशास्त्रज्ञ सांगतात. जागेच्या लोभानें दाट लावलेली पोफळ उजेडासाठीं बारीक व उंच वाढते व मध्यें मोडते. याउलट दाट वाडीच्या कडेचीं झाडें एकदम तोडलीं तर आंतील बारीक झाडांचा आडोसा जातो; म्हणून विरळणी करावयाची तर ती कांहीं वर्षांत हळूहळू करावी.

तिसरें काम वाऱ्याच्या आडोशाचें. चिऱ्याचा उंच गडगा वारा अडवितो असें वाटतें, पण भिंतीवरून उडी मारून आलेला वारा पलीकडे भोंवरे करितो. झाडांची जिवंत ओळ वाऱ्यास गाळून घेते. साधारणपणें निम्मा वारा आंतून जाऊं देणारी ओळ आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगला आसरा देते. समुद्राच्या बाजूस सुरू, उंडी, भेंड, करंज यांची दोन-तीन ओळींची पट्टी ठेवावी. ही पट्टी एकट्याच्या दहा गुंठ्यांत बसत नाहीं. आळींतील सर्व वाडीवाल्यांनीं मिळून ती करावी.

चौथें काम रोपांच्या शिलकेचें. माडाचें रोप तयार होण्यास सुमारें वर्ष लागतें, पोफळीचें एक ते दीड वर्ष. वादळानंतर सर्वांस एकदम रोपें हवीं असतात. तीं मिळत नाहींत, आणि मिळालीं तर कोणत्या बियाण्याचीं याचा भरंवसा नसतो. एवढ्यानेंच दोन वर्षें फुकट जातात. आपल्यासारख्या प्रत्येक संस्थेनें परीक्षा केलेल्या मातृवृक्षांच्या बियाण्याची लहानशी रोपवाटिका कायमची चालू ठेवावी, व शिलकी रोपें दरवर्षीं वयवांटणीच्या कामास सभासदांस द्यावींत. अशानें रोपवाटिकेचा खर्चहि अंगावर पडत नाहीं.

पांचवें काम पैशाचें. वाडीच्या सालच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा निराळ्या खात्यांत 'वादळाची शिल्लक' म्हणून टाकावा व लग्नकार्यास त्यास हात लावूं नये. झाड वाढण्यास जितकीं वर्षें लागतात तितकीं वर्षें ही शिल्लक वाढूं दिली, तर झाड गेल्यावर दुसरें झाड उभें करण्याचा खर्च तिच्यांतून निघेल.

नोंद नाहीं त्याचें नुकसान नाहीं

निसर्ग वादळानंतर सरकारनें फळबागांस हेक्टरी ५०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, मदत जाहीर केली. हेक्टर या मापानें मोठ्या बागेचें ठीक जमतें. कोकणांतील वाडी मात्र गुंठ्यांत मोजली जाते. दहा गुंठ्यांच्या वाडीस या दरानें सुमारें पांच हजार रुपये येतात. ही अडचण लक्षांत आल्यावर त्याच वर्षीं नारळाच्या झाडास २५० रुपये व पोफळीस ५० रुपये असा झाडामागें दर ठरला. त्याच दहा गुंठ्यांत १२ माड व १२० पोफळी पडल्या असतील तर झाडांच्या मोजणीनें नऊ हजार रुपये होतात. दोन्ही रकमांनीं वाडी पुन्हां उभी राहत नाहीं हें उघड आहे. चांगल्या पोफळीच्या एका सालच्या सुपारीची किंमतहि पन्नास रुपयांत येत नाहीं. तथापि पांच हजार व नऊ हजार यांत जो फरक आहे तो मोजणीचा आहे, आणि मोजणी नोंदीवर अवलंबून असते.

ज्याच्या सातबारावर 'नारळ-सुपारी' अशी पीकनोंद नव्हती, त्यास आपल्या वाडींत वाडी होती हेंच आधीं सिद्ध करावें लागतें. ज्यानें रस्ता मोकळा करण्यासाठीं पडलेले माड पंचनाम्यापूर्वींच कापून नेले, त्याजपाशीं दाखवावयास कांहीं उरत नाहीं. सामाईक खात्यांत दहा नांवें आणि त्यांतील सात मुंबईस, अशी स्थिति आपल्याकडे घरोघर आहे. मदतीचा पैसा कोणाच्या खात्यांत जावा यावर तंटा होऊन तो पडून राहतो. ही सर्व अडचण शांत वर्षांत दूर करतां येते. २०२१ सालापासून खातेदारास आपली पीकपाहणी मोबाइलवरून स्वतः नोंदवितां येते. ती दरवर्षीं करावी. वाडीचा साधा नकाशा काढून प्रत्येक झाडास अंक द्यावा, लागवडीचें साल लिहावें, आणि वर्षांतून एकदां वाडीचीं छायाचित्रें काढून त्यांची एक प्रत परगांवच्या नातलगाकडे ठेवावी. सामाईक खातेदारांनीं एकाच्या नांवें संमतिपत्र करून ठेवावें.

विम्याविषयींहि एक भेद समजून घ्यावा. आंबा-काजूचा हवामानावर आधारलेला फळपीक विमा हा त्या हंगामांतील फळाचा विमा आहे व त्याची मुदत हंगामापुरती असते. झाड पडलें तर त्याची भरपाई त्यांत नाहीं. झाडाचा विमा हा प्रकार निराळा. नारळ विकास मंडळानें २००९-१० मध्यें माडांसाठीं अशी योजना सुरू केली. तींत चार ते पंधरा वर्षांच्या माडास ९ रुपये हप्ता व ९०० रुपये भरपाई, आणि सोळा ते साठ वर्षांच्या माडास १४ रुपये हप्ता व १,७५० रुपये भरपाई ठेविली होती. हप्त्याचा चौथा हिस्साच शेतकऱ्यास द्यावा लागे. चालू सालचे नियम व दर तालुक्याच्या कृषि कार्यालयांत विचारून घ्यावेत, आणि विमा घेतांना तो फळाचा कीं झाडाचा, हा प्रश्न आधीं विचारावा.

इशारा मिळाल्यावर

भारतीय हवामान विभागाच्या पद्धतींत वादळाची पूर्वसूचना सुमारें ७२ तास आधीं, सावधगिरीचा इशारा ४८ तास आधीं व प्रत्यक्ष वादळाचा इशारा २४ तास आधीं दिला जातो. या अवधींत पुढील क्रमानें कामें करावींत.

१. माडावरील तयार नारळ व सुकलेल्या झावळ्या उतरवाव्यात. शेंड्याचा भार कमी होतो व उडालेल्या नारळानें होणारा अपघात टळतो. हिरव्या झावळ्या ओरबाडूं नयेत. वारा सुटल्यावर पाडेल्यास झाडावर चढवूं नये.

२. वाडीस पाणी देणें बंद करावें व पाट मोकळे करावेत. भिजून मऊ झालेल्या जमिनींत मुळें लवकर सुटतात.

३. केळींस टेकू द्यावेत; लहान कलमांस मातीची भर घालून तीन बाजूंनीं खुंट्यांस सैल बांधावें.

४. खळ्यावरची सुपारी गोणींत भरून माळ्यावर न्यावी. खत, औषधें व डिझेल पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावें. खालच्या जागेंतील पंपाची मोटर काढून घरीं आणावी.

५. गुरें मोठ्या झाडाखालीं किंवा जुन्या गोठ्यांत बांधून ठेवूं नयेत. उंच जागीं मोकळीं सोडावींत.

६. आठ-पंधरा दिवस पुरेल इतकी रोकड, पिण्याचें पाणी व चारा घरांत ठेवावा. सातबारा, आधारपत्र, बँकेचें पुस्तक व विम्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवींत बांधून एके ठिकाणीं ठेवावा.

वादळानंतरचे पहिले दिवस

प्रथम विजेच्या तारा. तार जमिनीवर पडली आहे तोंवर वाडींत पाऊल टाकूं नये. नंतर छायाचित्रें व मोजणी. कोयता हातीं घेण्यापूर्वीं प्रत्येक पडलेलें झाड त्याच्या अंकासह टिपावें व शेजारच्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. ज्यांस आपण अद्याप तलाठी म्हणतों ते ग्राम महसूल अधिकारी पंचनाम्यास येतील तेव्हां ही यादी त्यांच्या हातीं द्यावी व तिची पोंच घ्यावी. विमा कंपनीस व कर्ज देणाऱ्या बँकेस लेखी सूचना त्याच आठवड्यांत करावी. हप्ता थकल्यावर सांगितलेलें कारण सबब वाटतें. आधीं कळविलें तर मुदत वाढवून घेण्यास आधार राहतो.

यानंतर झाडांचा निवाडा. लहान कलम कलंडलें असेल व निम्मीं मुळें जमिनींत असतील तर तें तीन-चार दिवसांत उभें करावें. तोंवर उघड्या मुळांवर ओलें गोणपाट टाकावें, फांद्यांचा भार छाटावा, माती दाबून टेकू द्यावा. मोठ्या आंब्याच्या फाटलेल्या फांद्या करवतीनें गुळगुळीत कापून जखमेस बोर्डो मलम लावावें: एक किलो मोरचूद व एक किलो चुना लोखंडाखेरीज दुसऱ्या भांड्यांत निरनिराळे भिजवून दहा लिटर पाण्यांत एकत्र करावे. जो माड उभा आहे पण शेंडा पिळवटला आहे, त्याची घाई करूं नये. दोन-तीन महिन्यांत मधला कोंब सरळ वर आला तर झाड जगलें. कोंब कुजून सहज उपटून आला तर तें काढावें.

पडलेले ओंडके वाडींत राहूं देणें हें दुसरें वादळ बोलावण्यासारखें आहे. कुजत्या माडांत गेंड्या भुंगा अंडीं घालतो व पुढील हंगामांत उरलेल्या माडांचे कोंब पोखरतो. ताज्या जखमांच्या वासानें सोंड्या भुंगा येतो. म्हणून ओंडके लवकर बाहेर काढावेत, खड्ड्यांतील कुजक्या भागावर मेटारायझियम बुरशी घालावी, व उभ्या झाडांच्या जखमांस मलम लावावें. माडाचा बुंधा वाशांस व पोफळ चिरून पन्हळीस किंवा कुंपणास येते. गांवचीं सर्व झाडें एकदम पडल्यावर लांकडाचा भाव कोसळतो. एकेकट्यानें मिळेल त्या भावास देण्यापेक्षां संस्थेनें माल एकत्र करून विकावा, आणि करवत व ओढयंत्रहि संस्थेचें असावें.

जेथें खारें पाणी शिरलें तेथें बांध फोडून तें आधीं बाहेर काढावें. वादळ पावसाळ्याच्या तोंडावर आलें असेल तर पावसाचें गोडें पाणी क्षार धुऊन नेतें. पाट मोकळे असले पाहिजेत एवढेंच. विहीर उपसून शुद्ध केल्याशिवाय तिचें पाणी पिऊं नये. पावसाळ्यानंतर वादळ आलें असल्यास लागवडीपूर्वीं मातीची व विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी.

पुढील सात वर्षें

वाडी उघडी पडली म्हणजे आजवर सावलींत न होणारीं पिकें त्याच जमिनींत होऊं लागतात. हळद, सुरण, अननस, भाजी व केळ यांनीं मधलीं वर्षें घराचा खर्च कांहीं अंशीं निघतो. केळीचा दुहेरी उपयोग आहे: पोफळीच्या कोवळ्या रोपास ऊन सोसत नाहीं, केळ त्यास सावली देतें व स्वतः वर्षभरांत पैसा देतें. माड वर आल्यावर त्यांत मिरी, जायफळ, दालचिनी लावण्याची पद्धत रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रानें दाखवून दिली आहे. एका झाडावर सारा भार न ठेवण्याचा तोच मार्ग आहे.

पुनर्लागवड करतांना मात्र जुनी चूक पुन्हां करूं नये. सर्व खड्डे एकाच पावसाळ्यांत भरण्याचा मोह होतो. रोपें, मजूर व मदतीचा पैसा तेव्हांच हातीं असतो. तरीहि निम्मी लागवड पहिल्या दोन वर्षांत व उरलेली पुढील पांच-सहा वर्षांत करावी. बियाणें घेतांना वादळांत उभ्या राहिलेल्या झाडांचें घ्यावें असें पुष्कळ जण म्हणतात. विचार चांगला आहे; पण झाड स्वतःच्या बळानें उभें राहिलें कीं घराच्या किंवा डोंगराच्या आडोशानें, हें पाहून मगच तें मातृवृक्ष म्हणून निवडावें.

वर सांगितलेल्या कामांपैकीं इशारा मिळाल्यानंतरचीं कामें दोन दिवसांचीं आहेत व तीं बहुतेक सर्वजण करितात. वयाची वांटणी, आडोसा, रोपवाटिका, शिल्लक व नोंद हीं कामें आठ-दहा वर्षांचीं आहेत, आणि तींच राहून जातात. सभासदांनीं येत्या मृगापूर्वीं निदान तीन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे: आपल्या वाडींतील झाडांची मोजणी, पीकपाहणीवरील नोंद, आणि वाडीच्या मोकळ्या जागेंत चार नवीं रोपें. पुढील वार्षिक सभेंत ज्याची त्यानें आपली यादी बरोबर आणावी, म्हणजे संस्थेची रोपवाटिका केवढी असावी याचाहि अंदाज त्यावरूनच करतां येईल.